विंडोजवर पोस्टग्रेस बिल्ड करताना: झेडलिब ‘सापडली’, पण कुठली?

नाशिकच्या कॉलेज रोडवरच्या क्लासमध्ये पोस्टग्रेस हा डेटाबेस म्हणजे इन्स्टॉलर आणि नेक्स्ट-नेक्स्ट. शिकायला तेवढं पुरतं. पण अंबड-सातपूरच्या एखाद्या कंपनीत पॅच टाकून सोर्समधून बिल्ड करायला सांगितलं, की पहिली गाडी अडते ती कॉम्प्रेशन लायब्ऱ्यांवर. गिट, व्हिज्युअल स्टुडिओ आणि कमांड प्रॉम्प्ट तुम्हाला येतं असं धरून पुढे लिहितोय.

लायब्ऱ्या तीन. जीझिपसाठी झेडलिब, आवृत्ती १४ पासून (२०२१) एलझेड४ आणि आवृत्ती १५ पासून (२०२२) झेडएसटीडी. शेवटची किमान १.४.० हवी. तिन्ही व्हीसीपीकेजीने (मायक्रोसॉफ्टचा सी/सी++ लायब्ऱ्या आणून देणारा पॅकेज मॅनेजर) घ्या, ट्रिपलेट (कुठल्या प्रकारच्या मशीनसाठी बिल्ड, ते सांगणारं नाव) ‘एक्स६४-विंडोज’. सोबत पीकेजीकॉन्फ नावाचं पॅकेजही घ्या. ते का, ते खाली येतंय. जुन्या व्हिडिओंतली ‘कॉन्फिग डॉट पीएल’वाली बिल्डची पद्धत सोडून द्या. आवृत्ती १७ मध्ये ती काढूनच टाकली, आता विंडोजवर व्हिज्युअल स्टुडिओने बिल्ड करायचं तर मेसन हे बिल्ड टूलच. त्या जुन्या पद्धतीला ‘झेडडीएलएल डॉट लिब’ अशा ठरावीक नावाची फाइल लागायची, म्हणून लोक फायलींची नावं बदलत बसायचे. तो सल्ला आजही फिरतोय. मेसनमध्ये त्याची गरज नाही.

मेसनमध्ये हे तिन्ही ऑप्शन मुळात ‘ऑटो’वर असतात. म्हणजे लायब्ररी मिळाली तर घेतली, नाही मिळाली तर गुपचूप सोडून दिली. बिल्ड हिरवंगार दिसतं आणि दोन महिन्यांनी कुणी दुसऱ्या सर्व्हरवरचा कॉम्प्रेस केलेला डम्प (डेटाबेसचा बॅकअप) आणला की तो परत भरणारं पीजी-रिस्टोर हात वर करतं. म्हणून तिन्ही ‘एनेबल्ड’ करा. काही कमी असेल तर सेटअप तिथेच थांबेल, आणि ते थांबलेलंच बरं. “सध्या झेडलिब डिसेबल कर, नंतर बघू” असं सांगणारा सिनिअर प्रेमळ असेलही, पण ते ‘नंतर’ तुमच्याच गळ्यात पडतं.

आता खरा खड्डा. पोस्टग्रेसच्या बिल्डला पर्ल लागतं आणि विंडोजवर बहुतेक जण स्ट्रॉबेरी पर्ल टाकतात. हे नुसतं पर्ल नाही. त्याच्या ‘सी’ फोल्डरात अख्खं जीसीसी (व्हिज्युअल स्टुडिओपेक्षा वेगळा कंपायलर) आणि जीसीसीसाठी बिल्ड केलेली झेडलिब असते. इन्स्टॉलर पाथमध्ये तीन फोल्डर घालतो: ‘सी\बिन’, ‘पर्ल\साइट\बिन’ आणि ‘पर्ल\बिन’. मेसन लायब्ररी शोधायला पीकेजी-कॉन्फिगला (लायब्ररी कुठे आहे ते सांगणारं छोटं टूल, वरचं पीकेजीकॉन्फ हे त्याच कामाचं) विचारतं, आणि पाथमध्ये सापडणारं पीकेजी-कॉन्फिग बऱ्याचदा स्ट्रॉबेरीचंच निघतं. ते इमानदारीत आपल्या घरची झेडलिब दाखवतं. पडद्यावर ‘झेडलिब फाउंड: येस’ येतं, तुम्ही खूश. मग लिंक करताना कधी न ऐकलेल्या फंक्शनांच्या नावाने ‘अनरिझॉल्व्ड एक्स्टर्नल’ची रांग लागते आणि माणूस पोस्टग्रेसच्या कोडमध्ये चूक शोधत बसतो.

पाथमधून ‘सी\बिन’ काढा असं सगळे सांगतात. काढाच, पण तेवढ्याने भागत नाही. पीकेजी-कॉन्फिगची बॅच फाइल ‘पर्ल\बिन’मध्ये आहे आणि तो फोल्डर काढला तर पर्लच जातं. त्यामुळे ‘पीकेजी_कॉन्फिग’ या एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमध्ये व्हीसीपीकेजीच्या पीकेजीकॉन्फ ईएक्सईचा पूर्ण पत्ता द्या. ती ‘टूल्स\पीकेजीकॉन्फ’मध्ये असते. ‘पीकेजी_कॉन्फिग_पाथ’मध्ये ‘इन्स्टॉल्ड\एक्स६४-विंडोज\लिब\पीकेजीकॉन्फिग’ द्या. मग बिल्ड फोल्डर ‘वाइप’ करून सेटअप पुन्हा चालवा, कारण मेसन आधी सापडलेली लायब्ररी लक्षात ठेवतं. सेटअपच्या आउटपुटमध्ये पीकेजी-कॉन्फिगचा पत्ता छापून येतो. त्यात ‘स्ट्रॉबेरी’ दिसलं तर पुढे जाऊच नका. कंपायलरची ओळही वाचा. तिथे ‘जीसीसी’ असेल तर तुम्ही साध्या प्रॉम्प्टमध्ये आहात. ‘एक्स६४ नेटिव्ह टूल्स’वाला प्रॉम्प्ट उघडा. (फाइल पाथमध्ये कुठे आहे ते ‘व्हेअर’ कमांडने शोधत असाल तर पॉवरशेलमध्ये नुसतं ‘व्हेअर’ वेगळंच काम करतं, तिथे ‘व्हेअर डॉट ईएक्सई’ लिहा.)

‘एलएनके४२७२’ ही वॉर्निंग दिसली तर ३२ आणि ६४ बिटची सरमिसळ झाली आहे. लिब फाइलवर डम्पबिन (व्हिज्युअल स्टुडिओसोबत येणारं, फाइलच्या आतली माहिती दाखवणारं टूल) ‘हेडर्स’ लावून चालवा: ‘८६६४’ म्हणजे ६४ बिट, ‘१४सी’ म्हणजे ३२. दोन मिनिटांचं काम आहे, घाबरू नका.

बिल्ड झालं, इन्स्टॉल झालं, आणि इनिटडीबी (नवा डेटाबेस तयार करणारी कमांड) म्हणतं की शेजारी पोस्टग्रेस ईएक्सई सापडत नाही. फाइल तर डोळ्यांसमोर असते! बहुतेक वेळा ती डीएलएल नसल्यामुळे सुरूच होत नसते आणि इनिटडीबी त्याला ‘सापडली नाही’ म्हणतं. व्हीसीपीकेजीच्या ‘बिन’मधली झेडलिब१, एलझेड४ आणि झेडएसटीडी यांची डीएलएल पोस्टग्रेसच्या ‘बिन’मध्ये कॉपी करा. ‘डीबग\बिन’मधली घेऊ नका. आणि डीएलएल वाटणाऱ्या साइटवरून फाइल उतरवून सिस्टम३२ मध्ये टाकणं हा तर शुद्ध वेडेपणा आहे, कुणीही सांगितलं तरी.

शेवटची तपासणी सर्व्हर चालू करून: पीजी_सेटिंग्ज या सेटिंग्ज दाखवणाऱ्या व्ह्यूमध्ये ‘वॉल_कॉम्प्रेशन’ची ओळ काढा आणि ‘एनमव्हॅल्स’ कॉलम बघा. तिथे पीजीएलझेडसोबत (पोस्टग्रेसचं स्वतःचं कॉम्प्रेशन) एलझेड४ आणि झेडएसटीडी दिसले तर त्या दोन्ही आत आहेत. झेडलिब त्या यादीत येत नाही. तिच्यासाठी बिल्ड फोल्डरमधल्या पीजी_कॉन्फिग डॉट एच फाइलमध्ये ‘हॅव_लिबझेड’ १ आहे का ते पाहा.