प्लॅनिंगला लागलात? मग प्लॅनमध्ये तारखा टाइप करू नका

बेळगावच्या उद्यमबागेत किंवा मच्छेला एखाद्या फाउंड्रीत, मशीनशॉपमध्ये प्लॅनिंगला लागलेली मुलं भेटली की पहिला प्रश्न ठरलेला: काम आखायच्या सॉफ्टवेअरपैकी ट्रेलो शिकू, जिरा शिकू की एमएस प्रोजेक्ट? डिप्लोमा नाहीतर बीई झालेलं असतं, एक्सेल येत असतं, गँट चार्ट, म्हणजे कामांच्या तारखा आडव्या पट्ट्यांनी दाखवणारा तक्ता, कॉलेजात काढून झालेला असतो. म्हणून तिथून सुरुवात करत नाही.

टूल निवडायचं ते हातातलं काम बघून. रिपीट ऑर्डरी, टूलरूममधल्या दुरुस्त्या, ड्रॉइंगमधले बदल अशी सुटी सुटी कामं येत-जात असतील तर ट्रेलोसारखा बोर्ड पुरतो. फक्त एका रकान्यात एका वेळी किती कार्डं राहतील याला मर्यादा घाला. टोयोटाच्या कारखान्यात कानबान, म्हणजे कार्डांवर काम पुढे सरकवायची पद्धत, चालली ती या मर्यादेच्या जोरावर. ती नसेल तर ‘चालू’ या रकान्यात चाळीस कार्डं साठतात आणि बोर्डाकडे कुणी बघत नाही. जिरा 2002 साली आलं ते सॉफ्टवेअरमधल्या चुका नोंदवायला. पुण्याला, बेंगळुरूला आयटीत जायचं असेल तर जरूर शिका. कास्टिंगच्या कामात त्याचा हट्ट नको.

नवीन पार्ट डेव्हलप करायचा असेल तर मात्र गोष्ट वेगळी. पॅटर्न (ज्यावरून साचा काढतात तो नमुना), कोअर बॉक्स, मोल्डिंग, पोअरिंग, फेटलिंग (कास्टिंगची साफसफाई), मशीनिंग, इन्स्पेक्शन, मग सॅम्पल डिस्पॅच. आधीचं झाल्याशिवाय पुढचं हलत नाही. अशी साखळी सांभाळायला एमएस प्रोजेक्ट लागतं, नाहीतर फुकट मिळणारं प्रोजेक्टलिब्रे.

आता नीट वाचा. नोकरीची पहिली काही वर्षं मी याच्यात अडकलो होतो आणि आजही दिसेल त्या प्लॅनमध्ये हेच आढळतं. प्लॅन उघडला की ‘स्टार्ट’ नावाचा रकाना समोर असतो आणि हात आपोआप तिथे तारीख भरतो. पॅटर्न 1 तारखेला, मोल्डिंग 18 ला, मशीनिंग 24 ला. चार्ट सुंदर दिसतो, साहेबही खूश. पण तुम्ही तारीख टाइप केली की एमएस प्रोजेक्ट त्या कामावर गुपचूप एक अट घालतं: ‘स्टार्ट नो अर्लिअर दॅन’, म्हणजे या तारखेच्या आधी हे काम सुरू होणार नाही. डावीकडे कॅलेंडरचं बारीकसं चिन्ह येतं, तेवढंच.

त्याने काय होतं बघा. पॅटर्न 14 ला संपणार आणि चार दिवस हाताशी असावेत म्हणून तुम्ही मोल्डिंगला 18 तारीख दिलीत. पॅटर्नशॉपने जीव तोडून काम केलं, 10 लाच पॅटर्न दिला. दोन कामांची लिंक, म्हणजे आधीचं-नंतरचं अशी जोड, असूनही मोल्डिंग 18 लाच बसून राहतं. वाचलेले दिवस कुणाच्याच पदरात पडत नाहीत, मोल्डिंगवाले तोवर दुसऱ्याचा जॉब लावून मोकळे होतात. याहून वाईट म्हणजे क्रिटिकल पाथ तुटतो, म्हणजे ज्या कामांना उशीर झाला की सगळा जॉब लांबतो त्यांची टूलने लाल दाखवलेली साखळी. मधल्या मोकळ्या दिवसांमुळे पॅटर्नला उगाच सवड दिसते आणि लाल रेघ मोल्डिंगपासून सुरू होते. ती बघून सुपरवायझर म्हणतो, पॅटर्नला वेळ आहे, मिस्त्रीला दुसरीकडे पाठवू. खरं तर सगळा जॉब पॅटर्नवरच अडलेला असतो.

दुसरं रूप याहून घातक. 2010 च्या आवृत्तीपासून नवीन काम मूळ सेटिंगप्रमाणे ‘मॅन्युअली शेड्यूल्ड’ म्हणून येतं. अशा कामात पॅटर्न 14 चा 22 झाला तरी मोल्डिंग 18 वरून हलत नाही, फक्त तारखेखाली लाल नागमोडी रेघ येते. डिस्पॅचची तारीख जशीच्या तशी. तुम्ही तीच गिऱ्हाइकाला मेलने कळवता, आणि पुढच्या आठवड्यात फोन घ्यायलाही तुम्हालाच उभं राहावं लागतं.

उपाय सोपा आहे, घाबरू नका. खालच्या पट्टीवर जाऊन नवीन कामं ‘ऑटो शेड्यूल्ड’ करा. भरायच्या गोष्टी दोनच: कामाला किती दिवस लागतात आणि त्याच्या आधी कोणतं काम आहे. तारीख टूलला काढू द्या. 1957 च्या सुमारास ड्यू पॉन्ट आणि रेमिंग्टन रँडच्या माणसांनी क्रिटिकल पाथची पद्धत बसवली ती अशीच: कालावधी आणि क्रम आत, तारखा बाहेर. गिऱ्हाइकाला दिलेली तारीख ‘डेडलाइन’ रकान्यात टाका. ती कामाला बांधून ठेवत नाही, काम तिच्या पुढे गेलं की लाल खूण दाखवते. ‘कन्स्ट्रेंट टाइप’ हा रकाना कायम उघडा ठेवा. जवळजवळ सगळीकडे ‘अ‍ॅज सून अ‍ॅज पॉसिबल’ दिसलं पाहिजे. बाहेरून येणाऱ्या वस्तूची तारीख खरोखर पक्की असेल तरच अट घाला आणि का घातली ते नोट्समध्ये लिहा.

कॅलेंडरही आधी बघा. टूलच्या मूळ कॅलेंडरात शनिवार-रविवार सुट्टी असते, आपल्याकडे शनिवारी कारखाना चालू. उलट 1 नोव्हेंबरची सुट्टी त्यात नसते, गणपती नसतात, सौंदत्तीच्या यल्लम्माची जत्रा नसते. रोप लावणीच्या दिवसांत खानापूरकडची माणसं गावी शेतात असतात. हे ज्या प्लॅनमध्ये नाही तो प्लॅन बेळगावचा नाही.

कोल्हापूरला, शिरोलीत हीट ट्रीटमेंटला माल जात असेल तर ते दिवस दोन कामांच्या मध्ये ‘लॅग’ म्हणून दडवू नका, वेगळी ओळ करा आणि पुढे माणसाचं नाव घाला. लॅगच्या मागे कुणी फोन करत नाही.

कामांची नावं शॉपवर बोलतात तीच ठेवा. मोल्डरशी मराठीत बोला, फेटलिंगवाल्याशी कन्नडमध्ये, पण ‘फेटलिंग’ दोघांनाही कळतं. ‘एक्झिक्यूशन फेज दोन’ कुणालाच कळत नाही. आणि ‘किती टक्के झालं?’ हा प्रश्न तर सोडूनच द्या. उत्तर नव्वद येतं आणि दहा दिवस नव्वदच राहतं. ‘अजून किती दिवस लागतील?’ असं विचारा आणि ते ‘रिमेनिंग ड्युरेशन’मध्ये भरा.

सर्टिफिकेटबद्दल माझं मत कडक आहे. पहिल्याच वर्षी पीएमपीच्या, म्हणजे पीएमआय या संस्थेच्या प्रकल्प व्यवस्थापनाच्या सर्टिफिकेटच्या, क्लासला पैसे भरू नका. त्या परीक्षेला बसायलाच प्रकल्प चालवल्याचा अनुभव लागतो, चार वर्षांची पदवी असली तरी साधारण तीन वर्षांचा. नवख्यांसाठी त्याच संस्थेची कॅपम आहे, तीही घाईची गोष्ट नाही. व्हिडिओ बघून बटणं कळतात, पॅटर्नला पंधरा दिवस का लागतात ते कळत नाही. ते डिस्पॅचच्या टेबलावर वीस वर्षं काढलेल्या काकांना विचारा. त्यांनी आयुष्यात गँट चार्ट काढलेला नसतो, पण कोणता व्हेंडर सांगून चुकतो हे त्यांना पाठ असतं. असा माणूस मिळाला तर त्यांच्याबरोबर चहा घेत जा, त्यांना ‘अहो काका’ म्हणा आणि मध्ये बोलू नका.

सुरुवातीला प्लॅन चुकणारच, सगळ्यांचे चुकतात. कंपनी लायसन्स देत नसेल तरी अडत नाही. घरच्या लॅपटॉपवर प्रोजेक्टलिब्रे घ्या, त्यात एमएस प्रोजेक्टची फाइलही उघडते. नुकताच गेलेला एखादा जॉब घ्या, चलनांवरच्या खऱ्या तारखा काढा आणि तीच साखळी दिवस आणि लिंक एवढ्यावर उभी करा. टूलने काढलेली डिस्पॅचची तारीख आणि चलनावरची तारीख यांत जेवढा फरक निघेल, तेवढं शॉपवर जाऊन विचारायचं शिल्लक आहे.