'होल'पासून 'इंटेलेक्ट'पर्यंत: शब्द उलटा धरून पाहा

अनुवाद तपासताना 'होल' (whole), 'एन्टायर', 'कम्प्लीट' आणि 'टोटल' या चौघांसाठी सरसकट 'संपूर्ण' आलेलं दिसलं की माझी पेन्सिल थांबते. अशा वेळी मी एकच प्रश्न विचारते: काय झालं तर हा शब्द इथे लागू पडणार नाही?

एखादी गोष्ट कमी पडली तर? मग तो 'कम्प्लीट'. लॅटिनमध्ये त्याचं मूळ 'भरून काढणे' असंच आहे. दहा खंडांच्या संचातला एक हरवला, की संच कम्प्लीट राहत नाही. 'टोटल' म्हणजे बेरीज. बहुतेकदा 'एकूण' लिहा आणि पुढे चला.

इजा झाली, तुकडे पडले तर? तो 'होल'. जुन्या इंग्रजीत याचा अर्थ धडधाकट. 'हील', 'हेल्थ', 'होली' ही त्याची सख्खी भावंडं. आरंभीचा डब्ल्यू त्याला १५व्या शतकाच्या सुमारास चिकटला. 'होलिस्टिक'ला मात्र तो लावू नका. तो शब्द ग्रीक 'होलॉस'वरून आला. 'होलिझम' हा शब्द दक्षिण आफ्रिकेचे राजकारणी आणि विचारवंत यान स्मट्स यांनी १९२६ साली रूढ केला. आणि हा 'होलॉस' आपल्या 'सर्व'चा नातलग आहे! म्हणून 'होलिस्टिक'साठी 'सर्वांगीण' लिहिताना मला दर वेळी आनंद होतो.

कुणाचा हात लागला तर? इथे नीट थांबा. 'इंटिजर'चं (पूर्णांक) लॅटिन मूळ म्हणजे 'न शिवलेलं'. आपल्या 'अखंड', 'अक्षत'सारखंच हे नकारातून आलेलं पूर्णत्व. 'एन्टायर' फ्रेंचमधून फिरून आला, पण घराणं हेच. 'इंटेग्रिटी'ही इथलीच आणि तिच्यापाशीच सर्वाधिक चुका होतात. माणसाची इंटेग्रिटी म्हणजे सचोटी. पुलाच्या बाबतीत तिला 'प्रामाणिकपणा' म्हटलं तर वाक्यच कोसळतं. तिथे बांधकामाचा भक्कमपणा अभिप्रेत असतो. डेटाच्या बाबतीत त्यात फेरफार किंवा बिघाड झालेला नाही, असं सरळ लिहावं.

बुद्धीच्या शब्दांना हा प्रश्न पुरत नाही. 'इंटेलेक्ट'चं मूळ 'अनेकांतून निवडणे'. आपल्या 'विवेक'मधला विच् धातूही वेगळं काढणं, निवडणं हेच सांगतो. त्यामुळे तर्क, अमूर्त विचार यांची ताकद म्हणजे इंटेलेक्ट. 'इंटेलिजन्स' त्याहून ऐसपैस, कुत्र्याचा किंवा यंत्राचाही असू शकतो. हेरगिरीच्या मजकुरात तीच गुप्तवार्ता होते, तेव्हा आधी संदर्भ वाचा.

'इंटेलिजंट' समजून घेणाऱ्याबद्दल, 'इंटेलिजिबल' समजणाऱ्या गोष्टीबद्दल. भाषण इंटेलिजिबल असेल तर 'सुबोध' किंवा नुसतं 'कळण्याजोगं'. अक्षराबद्दल बोलायचं तर शब्द 'लेजिबल', म्हणजे सुवाच्य. अक्षर मोत्यासारखं असूनही मजकूर डोक्यावरून जाऊ शकतो, म्हणून हे दोन्ही वेगळे ठेवा.