बादली आणि फिश टँकच्या पंपातून घरचा कंपोस्ट टी

गच्चीवर किंवा बाल्कनीत ओल्या कचऱ्याचं खत करणारी घरं पुण्यात आता पुष्कळ आहेत. तक्रार असते ती एवढीच की कुंड्या जास्त आणि खत कमी. अशा वेळी कंपोस्ट टी उपयोगी पडतो. थोड्या खतातले जिवाणू पाण्यात उतरवायचे, त्यांना हवा आणि खाद्य म्हणून चिमूटभर गूळ देऊन वाढवायचे आणि ते पाणी कुंड्यांना घालायचं. मात्र हा खताला पर्याय नाही. नत्र, स्फुरद, पालाश म्हणाल तर या पाण्यात ते थोडंच असतं. रोग बरे होतात असंही ठिकठिकाणी सांगितलं जातं, पण त्याबाबत प्रयोगांचे निष्कर्ष एकसारखे नाहीत. मातीतला जीव वाढवणं, एवढ्याच अपेक्षेने करा.

मग जीवामृत, म्हणजे शेण-गोमूत्र आंबवून केलेलं द्रावण, का नको? जरूर करा, पण फ्लॅटमध्ये शेण-गोमूत्र मिळवणं आणि त्याचा वास शेजाऱ्यांच्या खिडकीपर्यंत जाऊ न देणं, दोन्ही अवघड. कंपोस्ट टीला वास येतो तो ओल्या मातीचा. आणि तसा येत नसेल तर काहीतरी बिघडलंय, हे लगेच कळतं.

साहित्य फार नाही. झाकण नसलेली 20 लिटरची बादली, फिश टँकचा दोन तोंडांचा एअर पंप, दोन एअर स्टोन (हवेचे बारीक बुडबुडे सोडणारे सच्छिद्र दगड), तीन-चार मीटर नळी आणि जुन्या नायलॉनच्या मच्छरदाणीचा तुकडा. मलमल घेऊ नका, तिची भोकं बुजतात आणि खत आतच बसून राहतं. बादली रविवार पेठेत बोहरी आळीत स्वस्त मिळेल. रंगाची रिकामी बादली मात्र टाळा, कितीही घासली तरी. पंपावर पैसे वाचवू नका. सगळा खेळ हवेचा आहे. विजेची चिंता नको. पाच वॅटचा पंप 24 तास चालला तरी 0.12 युनिटच जळतं.

आता जोडणी. दोन्ही एअर स्टोन नळ्यांना लावा आणि शहाबादी फरशीच्या एका तुकड्याला दोऱ्याने बांधून बादलीच्या तळाशी सोडा, म्हणजे ते तरंगणार नाहीत. बुडबुडे तळापासून उठले पाहिजेत. कोपऱ्यात पाणी स्थिर राहिलं की तिथे हवेविना जगणारे जिवाणू वाढतात आणि पाणी आंबतं. पंप बादलीच्या काठापेक्षा उंच ठेवा, स्टुलावर किंवा खिळ्याला टांगून. तो खाली असेल तर वीज जाताच पाणी नळीतून उलटं पंपात शिरतं आणि पंप जळतो. उंच ठेवायला जागाच नसेल तर नळीत नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह, म्हणजे पाणी उलटं येऊ न देणारी झडप, बसवा. प्लग पावसाच्या आणि शिंतोड्यांच्या आवाक्याबाहेर हवा. बुधवारी संध्याकाळी बादली लावू नका. आपल्याकडे देखभालीसाठी वीज बंद ठेवायची ती बहुधा गुरुवारीच, आणि ऐन जोमात वाढणाऱ्या जिवाणूंची हवा दोन-चार तास तुटली तर सगळं पाणी वाया जातं.

बादलीत 15 लिटर पाणी भरा, वरची जागा फेसासाठी सोडा. महापालिकेच्या नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं. ते जंतू मारण्यासाठीच घातलेलं, त्यामुळे आपल्या जिवाणूंनाही सोडत नाही. पाणी एक दिवस उघडं ठेवा किंवा खत घालण्याआधी दोन तास नुसताच पंप चालवा.

खताची निवड सगळ्यात महत्त्वाची. पूर्ण मुरलेलं, चाळलेलं, काळसर कंपोस्ट किंवा गांडूळखत घ्या. केळ्याचं साल ओळखू येत असेल तर ते अजून तयार नाही. शंका असेल तर मूठभर ओलसर खत प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून तीन दिवस ठेवा. उघडल्यावर आंबूस किंवा नासका वास आला तर ते आणखी मुरू द्या. कच्च्या खतात माणसाला आजारी पाडणारे जंतूही असू शकतात आणि गुळावर तेही वाढतात, म्हणून इथे घाई नको. चांगलं खत अर्धा ते एक किलो, दुहेरी मच्छरदाणीत सैलसर बांधून पाण्यात लटकवा.

गूळ फक्त सुपारीएवढा, कोमट पाण्यात विरघळवून. पिवळाधमक दिसणारा नको, रसायन न घातलेला काळपट घ्या. जास्त गूळ म्हणजे जास्त पोषण, असं वाटणं साहजिक आहे. पण गूळ वाढला की जिवाणू भराभर वाढतात, पाण्यातला प्राणवायू पंप पुरवू शकेल त्याहून वेगाने संपवतात आणि बादली नासते.

पंप सुरू केल्यावर पिशवी अधूनमधून हलक्या हाताने दाबा. डिसेंबरच्या थंडीत 36 तास लागतील. एप्रिल-मेमध्ये 18 ते 24 तास पुरे, आणि बादली सावलीतच हवी, कारण तापलेल्या पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो. वर तपकिरी फेस आला, वास मातीचा आला की झालं. फेस कमी आला तरी वास चांगला असेल तर घाबरू नका. उग्र, कुजका वास आला तर कुंडीला एक थेंबही घालू नका.

पंप बंद केल्यापासून चार तासांत वापरून टाका; बाटलीत भरून ठेवायची ही वस्तू नाही. तेवढंच क्लोरीन गेलेलं पाणी मिसळून, बारा इंची कुंडीला अर्धा लिटर, ओल्या मातीत, संध्याकाळी. पंधरा दिवसांतून एकदा पुरतं. भर पावसात घालू नका, सगळं भोकातून वाहून जातं. कोथिंबीर, पुदिना, कच्चं खायच्या पालेभाज्या यांच्यावर कधीच फवारू नका. फळझाडं आणि फुलझाडांना मुळाशी द्या.

पिशवीतलं उरलेलं खत कुंडीत टाका. बादली, नळ्या आणि एअर स्टोन त्याच संध्याकाळी ब्रशने घासा. नळीच्या आत बोटाला बुळबुळीत लागतं तो थर पूर्ण निघाला पाहिजे. मग सगळं स्वच्छ धुऊन दिवसभर कडक उन्हात वाळवा. एअर स्टोनची भोकं बुजून बुडबुडे मोठे येऊ लागले, की तो बदला.