बलिष्ठ केंद्राचा वाद अभ्यासमंडळात कसा मांडावा

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातील आमच्या मंडळासारख्या छोट्या बैठकीत अमेरिकी घटनेचा वाद, म्हणजे राज्यांवर बलिष्ठ केंद्र सरकार असावे की नाही हा वाद, मांडायचा असेल, तर आरंभ घटनेचा मसुदा करणाऱ्या १७८७ च्या फिलाडेल्फिया अधिवेशनापासून न करता, राज्यांना त्याआधी एकत्र बांधणाऱ्या १७८१ च्या कराराच्या (आर्टिकल्स ऑफ कॉन्फेडरेशन) दुबळेपणापासून करावा. त्या करारानुसार काँग्रेसला, म्हणजे राज्यांच्या मध्यवर्ती सभेला, कर बसवता येत नसे; ती तेरा राज्यांकडे केवळ पैसे मागू शके, आणि दुरुस्तीसाठी सर्वांची संमती लागत असल्यामुळे एकट्या ऱ्होड आयलंडच्या नकाराने आयातकराची योजना बारगळली. गणपतीची वर्गणी गोळा करत फिरलेल्या श्रोत्यांना ही अडचण चटकन कळते.

त्यानंतर दोन वाचक बसवावेत. एकाने हॅमिल्टन, मॅडिसन आणि जे यांनी ‘पब्लियस’ या टोपणनावाने नव्या घटनेच्या बाजूने लिहिलेल्या ८५ लेखांपैकी दहावा वाचावा, दुसऱ्याने ‘ब्रूटस’ या टोपणनावाने लिहिणाऱ्या विरोधकाचा पहिला. (सयाजीरावांच्या शिष्यवृत्तीवर डॉ. आंबेडकर ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, त्याच्याच पूर्वावतारात हॅमिल्टन शिकले होते, हे वडोदरेकरांना जरूर सांगावे.) ‘ब्रूटस’ला कमी वेळ देऊ नये, एवढ्या विस्तीर्ण देशात प्रतिनिधीला जनतेची नाडी कळणार नाही, ही त्याची शंका माझ्या मते आजही निरुत्तर आहे. घटनेला विरोध करणारे व्हर्जिनियाचे नेते पॅट्रिक हेन्री यांचा आक्षेप तर फळ्यावरच लिहावा: मसुद्यात ‘आम्ही राज्ये’ नसून ‘आम्ही लोक’ का? आपल्या उद्देशिकेचे पहिले शब्द पाठ असलेले श्रोते इथे हमखास सावरून बसतात.

घटनेला मान्यता देताना राज्यांत पडलेल्या मतांचे आकडे, म्हणजे बाजूने व विरोधात व्हर्जिनियातील ८९ विरुद्ध ७९ आणि न्यूयॉर्कमधील ३० विरुद्ध २७, चर्चा रंगल्यावरच उघड करावेत.