‘जवळ’ म्हणजे किती? ट्रॅव्हल व्यवसायात नव्याने येणाऱ्यांसाठी

खानदेशात ट्रॅव्हलचा व्यवसाय म्हणजे मुख्यतः यात्रांचा व्यवसाय. गंगोत्री-यमुनोत्रीची दारं अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला उघडतात, पण जळगाव-धुळ्याच्या ऑफिसांत चारधामची चौकशी दिवाळी सरली की सुरू होते. त्यासोबत काशी-अयोध्या, नर्मदा परिक्रमा, अष्टविनायक असतंच. मी अकरा वर्षांपूर्वी जळगावच्या एका ऑफिसात तिकिटं काढायला लागलो, आज स्वतःच्या टूर काढतो. नवीन मुलं भेटली की विचारतात, कोर्स कुठला करू, आणि कुठल्या संघटनेचं सदस्य होऊ? ग्राहक तक्रार घेऊन आला तर काय करायचं, हे कुणीच विचारत नाही. म्हणून मी तिथूनच सुरुवात करतो.

नोकरीचं दुसरं वर्ष. काशीच्या टूरचं पत्रक मी लिहिलं आणि त्यात ‘मंदिराजवळ निवास’ असं टाकलं. धर्मशाळेचा माणूस फोनवर ‘पास ही है’ म्हणाला होता, मी नकाशा उघडूनही पाहिला नाही. मंडळी भुसावळहून महानगरी एक्सप्रेसने गेली. धर्मशाळा निघाली अडीच किलोमीटरवर. विश्वनाथाच्या गल्ल्यांत बस जात नाही, त्यामुळे सत्तरीतली माणसं दोन दिवस रोज तेवढं चालली.

परत आल्यावर अमळनेरच्या एक आजी ऑफिसात आल्या. पत्रक चार घड्या घालून बटव्यात जपून ठेवलेलं. त्यांनी ते टेबलावर पसरलं, तळहाताने सुरकुत्या काढल्या आणि नेमक्या त्या शब्दावर बोट ठेवलं. ‘दादा, हाई जवळ शे का?’

आमच्या मालकांनी भिंतीवरचं संघटनेचं प्रमाणपत्र दाखवलं. आजींनी विचारलं, मग यांना सांगितलं तर ते पैसे देतील का? ऑफिसात एकालाही उत्तर माहीत नव्हतं. मी ते नंतर शिकलो, तुम्ही आधी शिका.

संघटना ही व्यावसायिकांची असते. ट्रॅव्हल एजंट्स असोसिएशन ऑफ इंडिया १९५१ची, परदेशी पर्यटक आणणाऱ्यांची आयएटीओ १९८२ची, आणि देशांतर्गत टूर काढणाऱ्यांची एडीटीओआय १९९६ची. आपल्याकडच्या यात्रा कंपनीच्या कामाची म्हणाल तर ही शेवटची. ग्राहकाची तक्रार गेली तर संघटना सदस्याला विचारू शकते, समेट घडवू शकते, शिस्तभंगाची कारवाई करू शकते. पण भरपाईचा आदेश द्यायला ती ग्राहक आयोग नाही. विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची, म्हणजे आयएटीएची मान्यता ही आणखी वेगळी गोष्ट, ती विमान तिकिटांच्या व्यवहारापुरती. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाची मान्यताही ऐच्छिक आहे. तरीही सदस्यत्व घ्यावं असं माझं मत आहे. अडचणीच्या वेळी दुसऱ्या राज्यातला विश्वासू ऑपरेटर शोधायला त्या ओळखी फार कामाला येतात. फक्त ते प्रमाणपत्र तक्रारीसमोर ढालीसारखं धरू नका.

ग्राहकाचा खरा आधार म्हणजे २०१९चा ग्राहक संरक्षण कायदा. दिलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाता येतं, ५ लाखांपर्यंत फी नाही, वकील सक्तीचा नाही, तक्रार करायची मुदत दोन वर्षांची. कंपनी दिल्लीची असली तरी ग्राहक स्वतः राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करू शकतो. आधी १९१५ या हेल्पलाइनवरही बोलता येतं. ऑनलाइन बुकिंग घेणाऱ्यांना तर तक्रारीची पोच ४८ तासांत आणि निवारण महिन्याभरात करण्याचा नियम आहे. हे सगळं ग्राहकाने विचारलं तर त्याला स्पष्ट सांगा. लपवून काही हाती लागत नाही, उलट माणूस दुखावतो.

माझ्या टेबलावर एक जाड वही असते. तक्रार आली की तारीख, ग्राहकाचे शब्द जसेच्या तसे, आपण लेखी काय कबूल केलं होतं, आणि उत्तर कधी देणार, एवढं त्यांच्यासमोर लिहितो. अहिराणीत सांगितलं तर अहिराणीतच लिहितो, कारण ‘गैरसोय झाली’ असं लिहिलं की पाय सुजल्याचं त्यात कुठेच दिसत नाही. पोच त्याच दिवशी. चूक हॉटेलची असो की बसवाल्याची, ग्राहकाने पैसे आपल्याकडे दिलेत, त्यामुळे उत्तर आपणच द्यायचं. हॉटेलशी काय भांडायचं ते मागाहून भांडा. त्यासाठी बुकिंगच्या वेळीच हॉटेलकडून अंतर, मजला, लिफ्ट सगळं लेखी मागवून ठेवा. काशीच्या त्या मंडळींना आम्ही ई-रिक्षाच्या भाड्याइतकी रक्कम परत केली, पण मालकांना राजी करायला मला तीन आठवडे लागले. तीन आठवडे फार झाले. त्या काळात चार घरं दुसऱ्या कंपनीकडे गेली, आणि त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही.

स्वतःचं ऑफिस टाकलं तेव्हा पहिल्या चारधाम पत्रकात मी ‘जवळ’ हा शब्द कुठेच ठेवला नाही. गौरीकुंड ते केदारनाथ सुमारे १६ किलोमीटर चढ, असं ठळक छापलं. आजी लेकाला घेऊन आल्या, पत्रक त्याच्याकडून वाचून घेतलं. १६ किलोमीटर ऐकून मान हलवली आणि गाडी कुठपर्यंत जाते ते एकेका धामाचं विचारलं. मग फक्त गंगोत्री आणि बद्रीनाथ लिहून घ्यायला सांगितलं.