पाच घरांचा इंग्रजी शब्द अडतोय? या चुका टाळा

वर्डल (पाच अक्षरी इंग्रजी शब्द सहा संधींत ओळखायचा ऑनलाइन खेळ) असो, वर्तमानपत्रातलं इंग्रजी शब्दकोडं असो की शाळेच्या वर्कशीटवरच्या रिकाम्या जागा, मागणी एकच असते: इतक्या अक्षरांचा शब्द हवा आणि अमुक अमुक अक्षरं त्यात हवीत. मराठीत वाढलेली मुलं इथे अडतात ती शब्द येत नाही म्हणून क्वचितच. शब्द तोंडावर असतो, पण तो कानाने मोजलेला असतो. आपल्या गोव्यात कित्येक मुलं चौथीपर्यंत मराठीत शिकतात आणि पाचवीत एकदम इंग्रजी माध्यमात जातात. ऐकू येईल तसं लिहायचं, ही देवनागरीची सवय तोवर हातात पक्की बसलेली असते. सवय चांगलीच आहे, पण इंग्रजी घरं भरताना ती बाजूला ठेवावी लागते.

कानाने मोजणं

सूचना होती, ‘नदी ओलांडून नेणारी बोट, पाच अक्षरं’. चोडणहून रोज फेरीबोटीनं रायबंदरला उतरणाऱ्या मुलीला हे उत्तर सांगावं लागत नाही. तिनं पेन्सिलीनं एफ-ई-आर-आय असं भरलं आणि म्हणाली, “टीचर, शब्द हाच आहे, पण एक घर उरतं.” शब्द तोच होता. चुका दोन होत्या आणि दोन्ही आपल्या मुलांच्या नेहमीच्या. कानाला एकच ‘र’ ऐकू येतो, पण स्पेलिंगमध्ये आर दोनदा आहे. शेवटी ‘ई’ ऐकू येते, तिथे आय नाही तर वाय आहे: एफ-ई-आर-आर-वाय. हॅपी, सनी, मनी या शब्दांत शेवटची ‘ई’ वायचीच आहे. हॅपीत पी आणि सनीत एन दोनदा येतो, मनीत मात्र एन एकदाच आणि वायच्या आधी एक ई. म्हणून एक घर उरलं की शब्द खोडायच्या आधी बघा, मधलं एखादं अक्षर दुहेरी आहे का.

मांडवीतून खनिज नेणारी बार्ज घ्या. मुलं बी-ए-आर-जे लिहून थांबतात. इंग्रजी शब्दाचा शेवट जे या अक्षरानं जवळजवळ कधीच होत नाही. शेवटी ‘ज’ ऐकू आला तर जी-ई किंवा डी-जी-ई लिहून पाहा: बार्ज, लार्ज, जज, बॅज, चारही पाच अक्षरांचे. व्हीचंही तसंच, शब्दाच्या शेवटी त्याच्यामागे जवळजवळ नेहमीच ई येते: ग्लव्ह, कर्व्ह, नर्व्ह.

‘क’ ऐकू आला की मुलांचा हात आधी केकडे जातो. पण ‘क’नं सुरू होणारे बहुतेक इंग्रजी शब्द सीने सुरू होतात, आणि ब्लॉक, ट्रक, क्लॉक यांच्या शेवटी सी-के असतं. थ, श, च ही आपली एकेक अक्षरं तिकडे दोन-दोन घरं खातात. ‘फ’ तर लाफ, रफ, टफ मध्ये जी-एच होऊन बसतो.

आवाज आणि अक्षरं जुळत नाहीत हे खरं तर आपल्या मुलांना नवीन नाही. रस्त्यावरच्या पाटीवर क्यू-यू-ई-पी-ई-एम असतं आणि ती ‘केपे’ वाचतात, शेवटच्या एमकडे ढुंकूनही न बघता. पोर्तुगीज स्पेलिंगबाबत जे सहज जमतं ते इंग्रजीतही जमेल, एवढा धीर त्यांना जरूर द्या.

स्वर संपले म्हणून हार मानणं

ए, ई, आय, ओ, यू पाचही बाद झाले तरी शब्द असतो. निम्फ, क्रिप्ट, लिम्फ यांत स्वराचं काम वाय करतो.

शेवटची चार अक्षरं मिळाली म्हणून निश्चिंत होणं

वर्डलमध्ये सगळ्यात महाग पडणारी चूक हीच. पहिलं घर रिकामं आणि पुढे आय-जी-एच-टी पक्कं. आता फाइट, लाइट, माइट, नाइट, राइट, साइट, टाइट, शिवाय एट, इतके शब्द बसतात आणि संधी एकूण सहाच. एकेक करून भरत गेलात तर डाव जाऊ शकतो. त्याऐवजी एक संधी खर्चून ‘फिल्म्स’ भरा. तो उत्तर नाही हे ठाऊक असतं, पण एफ, एल, एम, एस या चारही अक्षरांचा निकाल एका फटक्यात लागतो. मुलांना हे पटायला वेळ लागतो, कारण मुद्दाम चुकीचा शब्द भरायचा असतो. एकदा समोर बसवून करून दाखवा.

पिवळ्या अक्षराचीही गफलत होते. पिवळं म्हणजे अक्षर शब्दात आहे, पण या घरात नाही. तरी पुढच्या ओळीत ते पुन्हा त्याच घरात जातं. कागदावर पाच रेघा ओढून प्रत्येक रेघेखाली तिथे न चालणारी अक्षरं लिहीत जा.

आपलं स्पेलिंग, त्यांचं स्पेलिंग

आपण शाळेत ब्रिटिश पद्धतीनं कलर सहा अक्षरांत लिहितो, अमेरिकेत तो पाच अक्षरांत बसतो. जॉश वॉर्डल यांनी तयार केलेला वर्डल 2021 मध्ये सर्वांसाठी खुला झाला आणि 2022 च्या जानेवारीत न्यूयॉर्क टाइम्सनं विकत घेतला. त्याच फेब्रुवारीत ‘ह्यूमर’ यूशिवाय पाच अक्षरांत उत्तर म्हणून आला, तेव्हा ब्रिटनमधले खेळणारे चांगलेच नाराज झाले होते. शेवटी ओ-यू-आर येणारा शब्द एका अक्षरानं जास्त होत असेल तर यू काढून बघा. शाळेच्या वहीत मात्र तो यू हवाच.

ऑनलाइन शोधताना

पाच अक्षरी शब्दांच्या लांबलचक याद्या उतरवून पाठ करणं मला मुळीच पटत नाही. अर्थाशिवाय पाठ केलेला शब्द आठवड्यात विसरतो. अडलेला एकच शब्द शोधा आणि त्याचा अर्थ वाचा. वनलुकसारख्या शोधकोशात प्रत्येक रिकाम्या घरासाठी एक प्रश्नचिन्ह टाकायचं असतं. पाच अक्षरं मागूनही आठ-नऊ अक्षरांचे शब्द येत असतील तर प्रश्नचिन्हाऐवजी तारांकन टाकलं गेलंय का ते पाहा. तारांकनाच्या जागी कितीही अक्षरं बसतात.