डंपर-मिक्सरच्या इंजिनावर काम शिकायला येताय?

आयटीआयमधून ‘मेकॅनिक डिझेल’चा एक वर्षाचा ट्रेड करून आलेली पोरं आमच्या वर्कशॉपला रुजू होतात, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो. कुठलं इंजिन सगळ्यात टिकाऊ? टाटा, लेलँड, कमिन्स की भारतबेंझ? चहाच्या टपरीवर या विषयावरून आवाज चढतात. माझ्या मते हा प्रश्न गाडी घेणाऱ्याचा आहे, मिस्त्रीचा नाही. एकाच मॉडेलच्या, एकाच वेळी घेतलेल्या दोन गाड्या, एक पुणे-बंगळूर रोडला मालवाहतुकीला आणि दुसरी खडी क्रशरवर. क्रशरवरची आधी दुरुस्तीला येणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही. म्हणून गाडी आत आली की बॉनेट किंवा केबिन उचलण्याआधी ड्रायव्हरला विचारायचं: दादा, ही दिवसभर करते काय?

सेल्समन ‘इंजिनची लाइफ अमुक लाख किलोमीटर’ म्हणतो, तो आकडा बऱ्याचदा ‘बी-10’ असतो. त्याचा अर्थ, तेवढं चालेपर्यंत 100 पैकी 10 इंजिनांना मोठं काम निघालेलं असेल. बाकीच्या 90 ची गॅरंटी त्यात नाही, आणि हा हिशेब कंपनीने धरलेल्या वापराचा असतो. तुमच्या मालकाच्या खाणीतला वापर तिने धरलेला असेलच असं नाही.

कामाच्या गाड्यांमध्ये किलोमीटर हे माप फसवं असतं. आरएमसीचा, म्हणजे प्लांटमधून तयार काँक्रीट साइटवर नेणारा, ट्रान्झिट मिक्सर घ्या. प्लांटवर भरायला उभा, साइटवर पंपाची वाट बघत उभा, ट्रॅफिकमध्ये उभा, आणि या सगळ्या वेळात ड्रम फिरवायला इंजिन पीटीओवर (इंजिनची ताकद दुसऱ्या यंत्राला देणारी जोडणी) चालूच. समजा मीटरवर 40,000 किलोमीटर आहेत आणि इंजिनचे तास 5,000. म्हणजे सरासरी ताशी 8 किलोमीटर. तेच 5,000 तास हायवेला ताशी 50 ने धरले तर अडीच लाख किलोमीटर होतात. मालक म्हणतो ‘गाडी नवीन आहे, चाळीस हजारच झालेत’, आणि इंजिन मात्र अडीच लाखांचं झालेलं असतं. ऑइल बदलायचा हिशेब अशा गाड्यांना तासांवरच लावा. मॅन्युअलमध्ये किलोमीटर आणि तास असे दोन्ही आकडे दिले असतील तर जो आधी भरेल तो धरायचा. स्कॅनर (गाडीच्या कॉम्प्युटरमधली माहिती वाचणारं यंत्र) लावला की एकूण तास आणि आयडलिंगचे, म्हणजे उभ्या-उभ्या चालल्याचे, तास वेगवेगळे दिसतात. नव्या पोराने स्कॅनरमध्ये फॉल्ट कोडच्या आधी हे पान उघडावं, असं मी सांगतो.

उभ्या-उभ्या चालण्याने इंजिन झिजत नाही, हा ड्रायव्हर लोकांचा आवडता समज. आयडलला सिलिंडर पुरता तापत नाही, डिझेल पूर्ण जळत नाही. न जळलेलं डिझेल लायनरवरची (पिस्टन ज्यात वरखाली होतो ती नळी) ऑइलची फिल्म धुऊन खाली ऑइलच्या चेंबरमध्ये उतरतं, रिंगा कार्बनने चिकटतात, आणि काही दिवसांनी ऑइल भरायची कॅप उघडली की इंजिन बॅक कॉम्प्रेशन मारायला लागतं, म्हणजे रिंगांच्या बाजूने निसटलेला गॅस तिथून बाहेर फेकतं. उसाच्या सीझनला कारखान्याच्या यार्डात नंबर लागेपर्यंत गाड्या तासन् तास थांबतात. थोडं-थोडं पुढे सरकायचं म्हणून इंजिन बंद करत नाहीत. डिझेल जातं ते दिसतं, लायनर जातो तो दिसत नाही.

आता धूळ. इथे जरा थांबतो, कारण माझ्या पाहण्यात अवेळी खोललेल्या इंजिनांमागे धुळीचा हात सगळ्यात जास्त वेळा निघालाय, आणि इतक्या स्वस्तात टाळता येणारं दुसरं कारण नाही.

डिझेल इंजिन डिझेलपेक्षा कितीतरी पट हवा खातं. एअर फिल्टर ठीक असेल तर क्रशरची धूळसुद्धा ते पचवतं. भानगड होते ती फिल्टरच्या पुढे, टर्बोकडे (इंजिनात हवा दाबून भरणारा पंखा) जाणाऱ्या वाटेवर. तिथला रबरी होज चिरलेला, क्लिप ढिली, किंवा फिल्टरचं सील नीट न बसलेलं. असल्या फटीतून येणारी हवा गाळली न जाता थेट टर्बोत जाते. हे कसं ओळखायचं? इंजिन बंद करा, फिल्टर आणि टर्बोच्या मधला होज काढा आणि आतून बोट फिरवा. बोट स्वच्छ आलं पाहिजे. पिठासारखा बारीक, करडा थर बोटाला लागला तर फट शोधल्याशिवाय ती गाडी गेटबाहेर सोडू नका. मग टर्बोच्या कॉम्प्रेसर चाकाच्या पात्यांच्या कडा बघा. धूळ खाल्लेल्या चाकाच्या कडा घासून पातळ आणि वेड्यावाकड्या झालेल्या असतात. असं इंजिन पुढे खोलाल तेव्हा वरची कॉम्प्रेशन रिंग खालच्यांच्या मानाने जास्त खाल्लेली दिसेल. हवेतून आलेली घाण वरून मारा करते. ऑइलमधून घाण फिरली असेल तर बेअरिंगांवर ओरखडे जास्त दिसतात. रिंगा टाकून देण्याआधी हातात घेऊन एकमेकींशेजारी ठेवून बघायची सवय लावून घ्या. हे पुस्तकात वाचून डोक्यात बसत नाही.

आणि फिल्टरला कॉम्प्रेसरची हवा मारायचा नाद. रोज संध्याकाळी फिल्टर काढून फाटेस्तोवर हवा मारणारे ड्रायव्हर स्वतःला गाडीची फार काळजी घेणारे समजतात. जोराच्या हवेने कागद बारीक फाटतो, डोळ्यांना दिसत नाही. शिवाय प्रत्येक वेळी फिल्टर काढ-घाल करताना हाउसिंगमधली धूळ आतल्या तोंडाशी सांडते. गाडीला रिस्ट्रिक्शन इंडिकेटर (फिल्टर तुंबल्याची खूण दाखवणारा) असेल तर तो लाल झाल्यावरच हात लावा. आतला छोटा सेफ्टी फिल्टर तर कधीच झाडायचा नसतो, थेट बदलायचा. टॉर्च फिल्टरच्या आत धरून अंधारात बघा, उजेडाचे टिपके दिसले तर तो भंगारात.

गरम होण्याच्या तक्रारीत पोरं आधी थर्मोस्टॅट बदलतात. खाणीतल्या गाडीत आधी रेडिएटर बघा. धूळ आणि ऑइलचा चिकट लेप जाळीत बसलेला असतो. पाणी मारायचं ते इंजिनच्या बाजूने बाहेरच्या दिशेला. समोरून फवारा मारलात तर घाण आणखी आत ठासली जाते. इंटरकूलर (टर्बोतून आलेली हवा थंड करणारी जाळी) पुढे असेल तर दोघांच्या मधल्या फटीत बघायला विसरू नका, खरा माल तिथे साचतो.

कूलंटऐवजी बोअरचं पाणी ओतणं ही आपल्याकडची जुनी सवय. क्षार साचतात, हे सगळ्यांना माहीत असतं. दुसरं नुकसान कमी लोकांना माहीत असतं. ओल्या लायनरच्या, म्हणजे लायनरला बाहेरून थेट पाणी लागतं अशा, इंजिनात पिस्टनच्या धक्क्याने लायनर सारखा थरथरतो. त्या थरथरीने बाहेरच्या पाण्यात बारीक बुडबुडे तयार होऊन फुटतात आणि लोखंडाचे कण उडवतात. कूलंटमधली रसायनं लायनरवर संरक्षक थर धरून ठेवतात. साध्या पाण्यात तो थर नसतो. लायनर बाहेर काढला की पिस्टनच्या धक्क्याच्या बाजूला टाचणीने टोचल्यासारख्या भोकांची ओळ दिसते. एखादं भोक आरपार गेलं की पाणी ऑइलमध्ये. हेड पॅकिंग दोनदा बदलून पाणी कमीच होत असेल, तर लायनर काढून बाहेरून बघा.

डिझेलमधलं पाणी पावसाळ्यात जास्त छळतं. साइटवर बॅरलमधून डिझेल भरणाऱ्या गाड्यांना तर बाराही महिने. कॉमन रेल सिस्टिममध्ये (एकाच जाड पाइपातून सगळ्या इंजेक्टरांना दाबाचं डिझेल मिळतं ती) प्रेशर 1,600 ते 2,000 बारपर्यंत जातं आणि इंजेक्टरच्या आतल्या फटी मायक्रॉनमध्ये मोजायच्या असतात. जुना इनलाइन पंप थोडं पाणी सहन करायचा, हे इंजेक्टर नाही करत. सकाळी सेल मारण्याआधी वॉटर सेपरेटरचा नट सैल करून खालचं थोडं डिझेल काचेच्या बाटलीत घ्या आणि तशीच ठेवा. पाणी तळाला बसून मधोमध रेघ दिसते. ही बाटली ड्रायव्हरच्या हातात दिली की भाषणाची गरज राहत नाही. एक लक्षात ठेवा, कॉमन रेलचा पाइप इंजिन चालू असताना कधीही ढिला करायचा नाही. जुने वस्ताद चालू इंजिनवर नोझलचा नट सैल करून मिसिंग, म्हणजे कुठला सिलिंडर काम करत नाही ते, शोधायचे. त्या प्रेशरचं डिझेल कातडीतून आत घुसतं, बोट कापावं लागू शकतं.

1 एप्रिल 2020 पासून बीएस-6 (धुराच्या प्रदूषणाचे नवे नियम) आलं आणि आमच्या धंद्यातल्या निम्म्या जुन्या युक्त्या बाद झाल्या. डीपीएफ, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवरचा फिल्टर, काजळी अडवतो आणि ती जाळायला त्याला साडेपाचशे-सहाशे डिग्रीच्या आसपास उष्णता लागते. हायवेवरची गाडी हे काम चालता-चालता उरकते. दोन किलोमीटरच्या फेऱ्या मारणारा डंपर किंवा उभा मिक्सर कधी तेवढा तापतच नाही. दिवा लागतो, ड्रायव्हर दुर्लक्ष करतो, शेवटी पिकअप जातो आणि गाडी ओढून आणावी लागते. उभ्याने रिजनरेशन (ही काजळी जाळणं) करायची वेळ आली तर मोकळ्या, कोरड्या गवत-पाचटापासून लांबच्या जागी करा. कारखान्याच्या यार्डात उसाच्या पाचटावर गाडी उभी करून हा उद्योग करणं म्हणजे आग लावणंच.

याच्याशी जोडलेली एक खूण. अनेक इंजिनांत काजळी जाळण्यासाठी सिलिंडरमध्ये उशिरा जास्तीचं डिझेल सोडतात. रिजनरेशन पुन्हापुन्हा अर्धवट राहिलं की ते डिझेल ऑइलमध्ये उतरतं. मग डिपस्टिकवर लेव्हल वाढलेली दिसते. ‘ऑइल अजिबात खात नाही, उलट वाढलंय’ म्हणून खूश झालेले मालक मी पाहिलेत. पातळ झालेलं ऑइल आधी टर्बोची बेअरिंगं मारतं, मग क्रँकची. आणि डीपीएफच्या गाडीत ऑइल मॅन्युअलमध्ये लिहिलेलंच, सहसा कमी राखेचं सीके-4 ग्रेडचं. काजळी जळते, ऑइलची राख जळत नाही. ती डीपीएफमध्ये कायमची बसते.

धुरातला विषारी वायू कमी करायला सायलेन्सरमध्ये फवारतात ते डीईएफ म्हणजे 32.5 टक्के शुद्ध युरियाचं पाणी. पैसे वाचवायला खताचा युरिया विरघळवून टाकणारे महाभाग आहेत. आपल्याकडे 2015 पासून शेतीच्या युरियाला कडुनिंबाच्या तेलाचा लेप सक्तीचा आहे. ते तेल आणि बाकीची अशुद्धी डीईएफ फवारणाऱ्या डोसिंग पंपापासून धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिस्टपर्यंत सगळं बरबाद करते. टाकीचं झाकण उघडून वास घ्या, तवंग बघा. सिस्टिम बायपास करून द्यायला सांगणारे गिऱ्हाईकही भेटतील. ते बेकायदा आहे आणि गाडी परत तुमच्याच दारात येते. नाही म्हणायला पहिल्या दिवसापासून शिका.

बीएस-6 च्या गाडीतल्या ‘इंजिन प्रॉब्लेम’पैकी बरेच खरं तर वायरिंगचे असतात. हार्नेस (तारांचा जुडगा) चासीला घासलेला, कनेक्टरमध्ये पाणी, पिन हिरवी. स्कॅनरने सेन्सरचं नाव दाखवलं म्हणून सेन्सर बदलायचा नसतो. आधी त्याला 5 व्होल्ट पोचतात का, अर्थ चांगला आहे का, ते मोजा. बॅटरी काढून कॅनच्या (गाडीतल्या कॉम्प्युटरांना एकमेकांशी जोडणारी लाइन) दोन तारांमध्ये रेझिस्टन्स घ्या. साधारण 60 ओहम आला तर ठीक. 120 आला तर टोकाच्या दोन रेझिस्टरांपैकी एक तुटलाय किंवा मध्येच तार गेलीय. एवढं येणारा पोरगा आमच्याकडे दोन वर्षांत हेड मिस्त्रीच्या बरोबरीने उभा राहतो.

पहिली नोकरी कुठे धरायची, हेही विचारतात. कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला ट्रेनिंग आणि स्कॅनर चांगला मिळतो, पण वॉरंटीच्या गाडीत पार्ट बदलून मोकळं व्हायची सवय लागते. गल्लीतल्या गॅरेजला हात तयार होतो, मोजायची शिस्त राहत नाही. एसटीच्या डेपोत किंवा दापोडी, चिकलठाणा, हिंगणा इथल्या मध्यवर्ती कार्यशाळांमध्ये अप्रेंटिसशिप मिळत असेल तर डोळे झाकून घ्या. मग पन्नास-शंभर गाड्यांचा स्वतःचा ताफा असलेल्या मालकाकडे जा. तिथे तुम्ही बांधलेलं इंजिन रोज तुमच्यासमोरून जातं, आणि ते कसं चाललंय हे ड्रायव्हर तोंडावर सांगतो. जाताना स्वतःचा फिलर गेज (बारीक फट मोजायच्या पट्ट्या), चांगला मल्टिमीटर आणि खिशात मावणारी वही घेऊन जा. गाडीचा नंबर, तास, काय निघालं, रिंगा कशा दिसल्या, हे लिहीत चला. टॉर्क रेंच वर्कशॉपचा चालेल, फक्त तो शेवटचा कधी कॅलिब्रेट केला ते विचारून घ्या.